जगूभाऊ दिवटे आणि पाचशे दिवट्या

आमच्या चाळीतल्या जगदीश दिवट्यांना गॅस पेटवता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. येत नाही म्हणजे पेटवत नाहीत. अंबिका, म्हणजे त्यांची बायको, बाहेर गेली असली की ते चहाचं आधण शेगडीवर ठेवतात, साखर-पावडर टाकतात, आलंसुद्धा किसतात, आणि मग आमच्या दारात येऊन उभे राहतात. "नलू, जरा एक मिनिट येतेस का?" मी जाते, लायटर दाबते, परत येते. त्यांनी कधी कारण सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. कारण मला ठाऊक आहे.

माझं माहेर लालबागच्या याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर आणि सासर तिसऱ्यावर. आयुष्यात मी काय तो एक जिना चढले. जगूभाऊ माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठे, ते अर्ध्या चड्डीत होते तेव्हापासून मी त्यांना बघते आहे. तेव्हा मी सांगते त्यात तिखटमीठ असलं तर ते माझं, पण भाजी त्यांचीच.

तर आडनाव दिवटे. ऐकायला वाईट नाही. पण आपल्याकडे मुलगा नापास झाला, विड्या ओढायला लागला, की बाप पाहुण्यांपुढे म्हणतो, "हे आमचे दिवटे चिरंजीव." बाकीच्या मुलांना ही पदवी मिळवायला आधी काहीतरी दिवे लावावे लागतात. जगूभाऊंना ती बारशालाच मिळाली. परळच्या आमच्या शाळेत गुरुजी हजेरी घेताना त्यांच्या नावापाशी थांबायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "आलात का, दिवटे चिरंजीव?" वर्ग हसायचा. जगूभाऊ गणितात पहिले आले त्या वर्षीही हसायचा.

पुढे ते एका औषधांच्या कंपनीत डिस्पॅचला लागले. तिथला साहेब गुजराती होता, त्याला यातलं काही कळायचं नाही. तो आपला "दिवटेभाई, दिवटेभाई" करायचा. जगूभाऊ अजून म्हणतात, नोकरीतली ती सगळ्यात सुखाची वर्षं. मग त्या साहेबाची बदली झाली आणि पुण्याचा साहेब आला.

पण गुरुजी आणि साहेब हे नंतरचे. त्यांना चिडवायला सुरुवात केली ती त्यांच्या स्वतःच्या वडिलांनी, आणि त्यामागे एक प्रसंग आहे.

दिवट्यांच्या घरी खंडोबाची दिवटी-बुदली आहे. दिवटी म्हणजे पितळेची हातात धरायची छोटी मशाल, वरच्या वाटीत चिंध्यांचा घट्ट पिळलेला काकडा. बुदली म्हणजे तिला तेल पाजायचं नळीचं भांडं. चाळीत खंडोबा कुलदैवत असलेली घरं पुष्कळ, पण दिवटी-बुदली एवढ्या एकाच घरात. म्हणून चंपाषष्ठीला सगळे आपापलं खोबरं, भंडारा, वांग्याचं भरीत घेऊन दिवट्यांच्या खोलीत जमतात, आणि तिथेच तळी उचलतात. म्हणजे ताटात विड्याची पानं, खोबरं, भंडारा ठेवायचा, पाच जणांनी ते ताट "येळकोट येळकोट" म्हणत वर उचलायचं. तोवर दिवट्यांपैकी कुणीतरी दिवटी धरून उभं राहायचं. ती मध्येच विझता कामा नये, आणि शेवटी तोंडाने फुंकायची नाही. ती दुधात शांत करायची.

जगूभाऊ नऊ वर्षांचे झाले तेव्हा त्यांच्या आईने पहिल्यांदा ती त्यांच्या हातात दिली. आधी महिनाभर रिकामी दिवटी धरून सराव करून घेतला होता. कुठे उभं राहायचं, तेल कधी घालायचं, ज्योत कुठल्या अंगाला कलती ठेवायची. आम्ही पोरं दारात बसून बघत होतो. तळी उचलायला आणि मनगटावर गरम तेल ओघळायला एकच गाठ पडली. त्यांनी दिवटी टाकली. खाली चटई होती. ती भपकन पेटली आणि आईने दोन्ही हातांनी थापटून विझवली. हात भाजले ते भाजलेच, तिची बोटं नंतर नीट मिटली नाहीत कधी. बाई एक शब्द बोलली नाही. बोलले ते वडील. सगळ्या चाळीसमोर म्हणाले, "बघा आमचे दिवटे चिरंजीव!"

पुढच्या वर्षापासून पुन्हा आईच दिवटी धरायला लागली. ती गेल्यावर अंबिका. जगूभाऊ चंपाषष्ठीला दाराच्या चौकटीत उभे राहतात आणि चपला सांभाळतात.

अशा माणसाला निवृत्त झाल्यावर काय सुचावं? तर आडनावाचा इतिहास. दुपारचं जेवण झालं की दादरच्या एका वाचनालयात जाऊन बसायचे. अंबिका म्हणायची, "पंख्याखाली झोपायला जातात." पण झोपायला जात नव्हते. त्यांना कुठेतरी, कुठल्यातरी जुन्या कागदात, एखादा तलवारवाला दिवटे सापडायला हवा होता. एक घोड्यावर बसलेला पुरे होता.

महिन्याभराने संध्याकाळी गॅलरीत मला म्हणाले, "नलू, तलवार नाही."

"कसली तलवार?"

"कुठेच नाही गं. सगळीकडे नुसती मशाल."

मग त्यांनी सांगितलं. दिवट्या म्हणजे दिवटी धरणारा माणूस. पूर्वी पालखीपुढे, वरातीपुढे, रात्री कुणी अंमलदार गावात आला तर त्याच्या घोड्यापुढे हा चालायचा. देवळात असायचा, गोंधळात असायचा. कुठे हे काम न्हाव्याकडे, कुठे गुरवाकडे, कुठे आणखी कुणाकडे. बदल्यात मिळायचं काय, तर तेल, शिधा, कुठे जमिनीचा तुकडा. लढाईवरसुद्धा जायचा, पण लढायला नाही. लढणाऱ्यांना खड्डा दिसावा म्हणून.

"मग वाईट काय त्यात?" मी म्हटलं. "देवापुढे उजेड धरायचा. मी रोज समई लावते, मला कुणी सरदार म्हणत नाही."

"तुझं वेगळं आहे."

"काय वेगळं?"

मुलाला 'दिवटा' म्हणून का हिणवतात याची एक उपपत्ती मात्र त्यांनी स्वतः बसवली होती. पुस्तकात ती नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. "घरात एका जागी जळतो तो कुलदीपक. आणि रात्रीबेरात्री लोकांबरोबर गावभर हिंडतो तो दिवटा. म्हणून शिवी."

आतून अंबिका म्हणाली, "मग तुम्ही दीपकच की हो. घरातलं काही करायचं म्हटलं तर जागचे हलत नाही."

हे सगळं इथेच थांबलं असतं. पण त्यांच्या मुलीचं, नूपुरचं, लग्न ठरलं. नूपुर फिजिओथेरपिस्ट आहे. लोअर परळच्या ज्या दवाखान्यात ती जाते, तिथे शंतनु नावाचा मुलगा खांदा धरून आला आणि खांदा बरा झाल्यावरही येत राहिला. मुलगा सालस. आडनाव अब्दागिरे.

बोलणी करायला आम्ही त्यांच्या घरी गेलो. मी नूपुरची नलूमावशी म्हणून. त्यांचं घर जुन्या मिलच्या जागेवर झालेल्या टॉवरमध्ये, पार वर. शंतनुचे वडील हितेंद्रराव बांधकामाला लागणारं सामान पुरवतात. स्वतः परळच्या चाळीत वाढलेले, पण ती चाळ ते आता खिडकीतून बोटाने दाखवतात, लांबचा किल्ला दाखवावा तशी. दिवाणखान्यात सोफ्याला सिंहासनाचे हात, आणि टीव्हीच्या बाजूला एक उंच अब्दागिरी उभी. पिंपळाच्या पानाच्या आकाराची, लाल मखमलीची, मधोमध जरीचा सूर्य. पूर्वी राजेलोकांच्या डोक्यावर ऊन लागू नये म्हणून धरायचे ती. एसीच्या वाऱ्याने हळूहळू हलत होती.

"आमच्या आडनावाचं मूळ," हितेंद्रराव म्हणाले. "अब्दागिरी हे राजचिन्ह. ऐऱ्यागैऱ्याला नाही मिळायचं. आमच्या पूर्वजांना मान होता."

कोपऱ्यात त्यांच्या आई बसल्या होत्या, लक्ष्मीआजी. त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

"आणि दिवटे म्हणजे मूळचे नेमके कोण म्हणायचे?" हितेंद्ररावांनी विचारलं. प्रश्न साधा होता. पण सोबत त्यांच्या दोन बहिणीही बसल्या होत्या, आणि त्यातली एक पदराआड हसली. जगूभाऊंनी ते पाहिलं. साठी उलटून गेली तरी माणसाला वर्गातलं हसू ओळखू येतं.

"आमचं मशालींचं पथक होतं," जगूभाऊ म्हणाले.

अंबिकेने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"वा! पथक!"

"हो. खापरपणजोबा त्याचे मुख्य. रात्रीच्या स्वाऱ्या सगळ्या आमच्यावर. आम्ही हललो की फौज हलायची." चहा आला तेव्हा पथकात शंभर दिवट्या होत्या. पोहे संपेपर्यंत पाचशे झाल्या.

"अरे, मग तुम्ही सरदारच की!" हितेंद्ररावांनी उठून त्यांना मिठी मारली. अब्दागिऱ्यांच्या घरात सरदाराची मुलगी सून म्हणून येणार, म्हणजे त्यांच्या दिवाणखान्याला शोभेलसं झालं होतं.

टॅक्सीत नूपुरने बाबांकडे वळून बघितलं. मग म्हणाली, "बाबा, पाचशे?"

"अगं, ओघात आलं."

"ओघात पन्नास येतात. पाचशे बनवाव्या लागतात."

लग्न दादरच्या हॉलमध्ये व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी मुलाकडे जागरण-गोंधळ. लग्नाला चार दिवस असताना हितेंद्ररावांचा फोन आला. जगूभाऊंनी स्पीकर लावला होता, त्यामुळे अर्ध्या गॅलरीने ऐकलं. "सरदार! जागरणाला मशाल तुमच्याच हातात हं! तुमच्या घराण्याचा मान. मशाल घेऊन तुम्ही पुढे, मागे नवरा-नवरी. व्हिडिओवाल्याला सांगून ठेवलंय."

जगूभाऊंचा चेहरा मी पाहिला. नऊ वर्षांचा झाला होता.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. अंबिका म्हणाली, "त्यात काय? सांगू, आमच्यात बायका धरतात. मीच धरते की दरवर्षी." जगूभाऊ म्हणाले, "पाचशे मशालींच्या धन्याची बायको?" नूपुरला रडू येत होतं आणि रागही. "तिथे त्या दोघी आत्या टपून बसल्यात. पहिल्याच कार्याला तुमच्या हातातून दिवटी पडली ना बाबा, तर मला जन्मभर ऐकायचंय. अपशकुन काय, दिवट्यांची पोर काय. तुम्ही याल घरी निघून. मला तिथे राहायचंय."

मग तोडगाही तिनेच काढला. जागरणाच्या दिवशी बाबांच्या उजव्या मनगटाला चांगलं जाड क्रेप बँडेज बांधायचं. लग्नाच्या धावपळीत हात मुरगळला. मुलगी फिजिओ, शंका कोण घेणार? दिवटी आपोआप अंबिकेकडे.

खोटं झाकायला दुसरं खोटं, आणि तेही देवाच्या कार्यात. मला बरं वाटलं नाही. पण पोरीचं तोंड बघून मी संध्याकाळी आमच्या गणपतीपुढे हात जोडले आणि म्हटलं, बाबा, एवढं बँडेज टिकू दे.

लग्न उत्तम झालं. जागरण टॉवरच्या खालच्या हॉलमध्ये होतं. हॉल रात्री लवकर बंद होतो म्हणून जागरण संध्याकाळी साडेपाचला सुरू होऊन जेवणाआधी संपायचं होतं. दारावरच मोठा फलक, आत आग पेटवायला सक्त मनाई. कार्यक्रमाची व्यवस्था बघणारी एक मुलगी धावत आली आणि तिने जगूभाऊंच्या बँडेज बांधलेल्या हातात भली मोठी मशाल ठेवली. तिच्यात लाल-पिवळं रेशमी कापड, खाली छोटा पंखा आणि बल्ब. बटण दाबलं की कापड फडफडतं आणि लांबून हुबेहूब आग वाटते.

"अंकल, हे बटण. ऑन, ऑफ. बस."

जगूभाऊंनी ऑन केलं. ऑफ केलं. पुन्हा ऑन केलं. ज्वाळेत बोट घालून बघितलं. गार वारा लागला.

मी अंबिकेला कोपराने ढोसलं, पण तोवर उशीर झाला होता. जगूभाऊ खांबाआड गेले आणि आले ते फेटा तिरका करून, बँडेज काढून कोटाच्या खिशात कोंबून.

"अहो, ते का सोडलंत?" अंबिका.

"फोटोत बरं दिसत नाही."

मग पथकप्रमुख निघाले. सनई वाजली, धुराचं यंत्र सुटलं, आणि त्या पांढऱ्या धुरातून जगूभाऊ मशाल डोक्यावर गरगर फिरवत आले. मिशी नाही, नाहीतर पिळली असती. मागे नूपुर-शंतनु. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही आत्यासुद्धा बघत राहिल्या. जगूभाऊंना मी इतकं सुखात कधीच पाहिलं नव्हतं, गुजराती साहेबाच्या वेळीसुद्धा.

गोंधळी म्हातारा होता, जेजुरीकडचा. त्याने संबळ खाली ठेवला, मशालीपाशी आला, पंख्याचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "मालक, गाणं यावर म्हणतो. पण तळी नाही उचलायचो. देवापुढं खरी दिवटी लागते."

"अहो, सोसायटीचा नियम आहे," हितेंद्रराव म्हणाले.

"नियम तुमचा. देव काय तुमच्या सोसायटीत राहत नाही."

हशा झाला. तेवढ्यात लक्ष्मीआजी काठी टेकत उठल्या. "आपल्या घरात तर राहतो ना? हितू, वर चला सगळे. माझ्या देव्हाऱ्याखाली दिवटी-बुदली आहे. गुंडाळून ठेवलीय, तुम्हाला कुणाला ठाऊक नाही."

"उत्तम!" हितेंद्रराव म्हणाले. "सरदार आहेतच आपल्याकडे."

"अहो, त्यांचा हात दुख..." अंबिका पुढे झाली आणि थांबली. सगळ्यांची नजर जगूभाऊंच्या उजव्या मनगटाकडे गेली. आत्ताच त्या हाताने मशाल चक्रासारखी फिरवली होती.

लिफ्टमध्ये ते माझ्या शेजारी होते. फेट्याखालून घाम निथळत होता. हळूच म्हणाले, "नलू, आता कसं?"

"बँडेज कुठाय?"

"खिशात."

"मग राहू दे तिथेच."

वर दिवाणखान्यात माणसं दाटली. देव्हाऱ्यापुढे पाट मांडला, त्यावर खंडोबाचा टाक, पुढे ताट. आजींनी फडकं सोडून दिवटी काढली. दिवट्यांच्या घरातली आहे तशीच, थोडी ठेंगणी. अंबिकेने काकडा पिळून घट्ट बसवला, तेलात भिजवला आणि पेटवला. ती पेटवत असताना जगूभाऊ अब्दागिरीपाशी उभे होते आणि त्यांचा एक हात त्या अब्दागिरीच्या दांडीला घट्ट धरून होता. छताला धुराच्या अलार्मची एक लाल टिकली लुकलुकत होती. हितेंद्रराव तिच्याकडे बघून म्हणत होते, "लवकर, लवकर, अलार्म वाजेल."

नूपुर वडिलांकडे बघत नव्हती. ती खाली, पाटाच्या बाजूच्या गालिच्याकडे बघत होती. गालिचा पांढरा होता.

अंबिकेने दिवटी पुढे केली. जगूभाऊंनी घेतली.

घेतली तेव्हा ज्योत इतकी थरथरली की मागच्या आत्या दोन पावलं सरकल्या. मग काय झालं मला नीट सांगता येणार नाही. ते पाटासमोर उभे राहायला निघाले होते, कॅमेरा होता तिथे. पण पाय तिकडे गेलेच नाहीत. पाय डावीकडे गेले, देवाच्या बाजूला, जरा मागे. अंगठा मुठीवर आडवा बसला. ज्योत स्वतःपासून कलती, टाकावर उजेड पडेल अशी. डावा हात न बघता मागे आला, आणि अंबिकेने न बोलता त्यात बुदली दिली. त्यांच्या आईने महिनाभर करून घेतलेला सराव पन्नास-पंचावन्न वर्षं कुठे पडून होता, त्या खंडोबालाच माहीत.

"मागं व्हा जरा," ते व्हिडिओवाल्याला म्हणाले. "देवावर सावली येते."

पाच जणांनी तळी उचलली. येळकोट झाला, एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी तेल ओघळलं. मला दिसलं, कारण मी दुसरं काही बघतच नव्हते. मुठीवरून मनगटावर, तिथेच. जगूभाऊंचे डोळे गच्च मिटले. तोंड वेडंवाकडं झालं. "येळकोट" म्हणायचं सोडून त्यांनी ओठ दाताखाली धरला. हात लटपटला, खाली आला, आणि नूपुरने तोंडावर हात घेतला. पण मूठ सुटली नाही. मग हात पुन्हा वर गेला, होता तिथे.

तळी झाली. भंडारा उधळला, गालिचा पिवळा झाला.

"फुंका, फुंका आता!" हितेंद्रराव छताकडे बघत ओरडले. लगेच सगळे, "फुंका, काका, फुंका," वाढदिवसाला म्हणतात तसं. एक आत्या तर गाल फुगवून पुढेच झाली.

"ए, फुंकायची नाही!" जगूभाऊ ओरडले. हा आवाज त्यांचा नव्हता, त्यांच्या आईचा होता. "दूध आणा! दूध!"

फ्रिज उघडला. आतून कुणीतरी विचारलं, "टोन्ड चालेल?"

"कसलंही आणा हो!"

वाडग्यात दूध आलं. जगूभाऊंनी दिवटी उलटी करून त्यात हळूच शांत केली. चर्र झालं, करपल्या दुधाचा वास सुटला, अलार्म वाजला नाही.

लक्ष्मीआजी जवळ आल्या. त्यांनी जगूभाऊंचं मनगट धरून बघितलं. तिथे लाल चट्टा उठला होता. "कुणी शिकवलं?"

"आईने."

"तुमच्यात धरायचं कोण?"

जगूभाऊंनी हितेंद्ररावांकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि माझ्या माहितीत आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत आडनावाचं खरं सांगितलं. "आम्हीच, आजी. पथकबिथक काही नव्हतं. लोकांच्या दारात, लोकांच्या पालखीपुढे आम्हीच धरायचो. शिध्यावर."

मग हितेंद्ररावांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "बघा! बघा केवढी नम्रता! पाचशे दिवट्यांचा धनी, आणि म्हणतो आम्हीच धरायचो! याला म्हणतात खानदान!" टाळ्या पडल्या. जगूभाऊ "अहो, खरंच" म्हणायला गेले, पण तोवर त्यांना पेढा भरवला होता. आत्या नूपुरला म्हणाली, "तुझे बाबा किती साधे गं." झालं. खोटं सहज खपलं होतं, खऱ्याला मात्र कुणी विचारलं नाही.

स्वयंपाकघरात आजींनी अंबिकेला आणि मला बोलावलं. एका पिशवीत तांदूळ, डाळ, गूळ, नारळाची वाटी भरत होत्या. "आमच्या गावी गोंधळ झाला की दिवट्याला शिधा द्यायची रीत. व्याह्यांना दिला तर राग येईल का?"

"द्या," अंबिका म्हणाली. "पथकात वाटतील."

आजी इतक्या हसल्या की काठी पडली. मग दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "आमचे तरी कुठले राजे? अब्दागिरी डोक्यावर असायची ती दुसऱ्याच्या. आमचे दांडी धरून बाजूने पळायचे. दिवसा आमचे, रात्री तुमचे. घोड्यावरचा वेगळाच." आणि नारळाची वाटी पिशवीत घालत म्हणाल्या, "हितूला सांगू नका हं. त्याने ती दिवाणखान्यातली केवढ्याला बनवून घेतलीय."

जगूभाऊंनी शिधा दोन्ही हातांनी घेतला. टॅक्सीत मांडीवर ठेवला. त्यांच्या कोटाच्या खिशातून बँडेजचं टोक लोंबत होतं. अंबिकेने ते ओढून काढलं आणि चट्ट्यावर बांधलं. म्हणजे माझी प्रार्थना अगदीच फुकट गेली असं नाही.

यंदाच्या चंपाषष्ठीला दिवटी जगूभाऊंनी धरली. आता नवा जाच असा की ते कुणाला नीट उभं राहू देत नाहीत. "सावली, सावली!" करून अख्ख्या चाळीला सरकवतात, आणि चपला आता अंबिका सांभाळते. मनगटावरचा डाग येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, लढाईतली जखम दाखवावी तसा. कुठल्या लढाईतली, ते अजून ठरलेलं नाही. पाचशेचा आकडा मात्र त्यांनी सोडून दिला आहे. तो आता हितेंद्रराव सांगतात, आणि त्यांच्याकडे तो सातशेवर गेल्याचं नूपुर म्हणते.

परवा सकाळी अंबिका मंडईत गेली होती. मी पूजा आटोपून निरांजन उचलत होते, तर दारात जगूभाऊ.

"नलू, जरा एक मिनिट येतेस का?"

मी त्यांच्याकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं. "जगूभाऊ, आता तरी..."

"ते देवाचं होतं," ते म्हणाले. "हा गॅस आहे."

मी गेले, लायटर दाबला. आधण ठेवलेलंच होतं, आलंही किसलेलं होतं.